फोन नंबरचा रकाना

हात धुताना लक्षात आलं. साबणाचा फेस मनगटापर्यंत आलेला, नळ चालू, आणि डोक्यात एकदम तो नंबर उभा राहिला. शेवटचे चार आकडे सत्तावीस, एकोणऐंशी. काउंटरवरच्या बाईंनी सकाळी तो मोठ्याने वाचून दाखवला होता, कारण आमच्या लॅबमध्ये तशी पद्धतच आहे. फॉर्म कॉम्प्युटरवर चढवला की नंबर वाचायचा आणि समोरच्याने ‘बरोबर’ म्हणायचं. मी ‘बरोबर’ म्हणालो होतो. बरोबरच होता तो. फक्त माझा नव्हता, माझ्या बायकोचा होता. नळ बंद करायचं सुचलं नाही. मागून कोणीतरी ओरडलं, “अरे, पाणी!” तेव्हा कुठे मी भानावर आलो.

आता सगळं नीट सांगतो, नाहीतर मी वेडा आहे असं वाटेल. अकरा वर्षं मी रक्त घेतो. सुई टोचलेली कळत नाही असं लोक म्हणतात, काही म्हाताऱ्या बायका तर काउंटरवर येऊन ‘तो हलक्या हाताचा आहे का?’ असं विचारतात आणि मी नसलो तर उद्या येतो म्हणून परत जातात. सकाळी साडेसहापासून आठपर्यंत मी घरोघरी जाऊन सँपल आणतो आणि मग दिवसभर सेंटरवर असतो. तर त्या सोमवारी घरोघरच्या सात ट्यूबांमध्ये मी आठवी घातली. ती माझी. सेंटरच्या मागच्या खोलीत, कोणी यायच्या आत, दाताने पट्टा आवळून मी स्वतःच्या डाव्या दंडातून रक्त काढलं. आणि गंमत बघा, अकरा वर्षांत हजारो लोकांना टोचून झाल्यावर स्वतःची शीर मला पहिल्या खेपेत सापडली नाही. सुई आत फिरवावी लागली. चांगलंच दुखलं. तिथे निळा डाग पडला, म्हणून मी उन्हाळ्यात फुल बाह्यांचा शर्ट खाली ओढून फिरत होतो. फॉर्मवर वय एकोणचाळीस लिहिलं, पुरुष लिहिलं, टेस्टची नावं लिहिली, आणि नावाच्या जागी आमच्या शाळेतल्या ड्रिल मास्तरांचं नाव लिहिलं. स्वतःचं लिहिणं शक्यच नव्हतं. आमच्या स्टाफपैकी कोणाची शुगर किती, कोणाच्या बायकोला दिवस गेले, हे काउंटरवरच्या बाईंना घरच्यांच्या आधी कळतं. खोटं नाव लिहायला बसलो तर डोक्यात एकही नाव येईना. आले ते मास्तर. छाती पुढे, मिशी ताठ, पन्नाशीतही दोन्ही हातांवर उलटे उभे राहणारे. असल्या टेस्टसाठी मला त्यांचंच नाव सुचावं, याला काय म्हणायचं! नाव खोटं, पत्ता खोटा, आणि फोन नंबरच्या रकान्यात हाताने आपोआप तोच नंबर लिहिला जो मला पाठ आहे. मला जगात एकच नंबर पाठ आहे. गॅसच्या फॉर्मवर, बँकेत, वीजबिलावर, सगळीकडे मी तोच देतो, कारण कामाच्या वेळात आमचे फोन लॉकरमध्ये असतात आणि ती उचलते. माझा स्वतःचा नंबर मला कोणी विचारला तर फोन काढून बघावा लागतो.

आमचे मोठे डॉक्टर साडेचारला येतात. एकेक रिपोर्ट तपासतात, सही करतात, आणि सही झाली की रिपोर्ट आपोआप ज्या त्या नंबरवर जातो. मधे कोणा माणसाचा हात लागत नाही. मी घड्याळ पाहिलं. पावणेबारा. म्हणजे पावणेपाच तास होते, आणि मला करायचं होतं एवढंसंच. काउंटरवर जायचं, नंबर चुकलाय म्हणायचं, दुसरा द्यायचा. शेंबड्या पोराला जमेल असं काम. मी उठलो, काउंटरपर्यंत गेलो, तिथला पेनस्टँड उगाच सरळ केला आणि परत आलो. मग एक वाजता पुन्हा गेलो. बाई म्हणाल्या, “काय रे, घिरट्या घालतोयस? भूक लागली का?” मी म्हटलं, “छे, छे.” आणि परत येऊन एका काकांच्या दंडाला पट्टा बांधला. काका म्हणाले, “घट्ट झालंय हो.” मी एवढा घट्ट कधीच बांधत नाही.

आठ महिने झाले होते. तारीख सांगता येईल, पण तारखेत काय आहे. रविवारची दुपार होती, शेजारी कोणीतरी भिंतीत खिळे ठोकत होतं, त्याची आम्हाला दोघांना मजा वाटत होती. ती मधेच म्हणाली, “त्याच्या भिंतीची चाळण झाली असणार.” आणि आम्ही हसलो. मी थकलेलो होतो, त्या आठवड्यात एक तपासणी शिबिर होतं, रोज दोनशे माणसं. आणि तसं झालं. फार लवकर. होतं माणसाचं एखाद्या वेळी. सुई बाहेर काढल्यावर कापूस दाबत मी पेशंटना नेहमी म्हणतो ना, “झालं सुद्धा!” लहान पोरांना तर जरा सूर लावून म्हणतो. लग्न झाल्यापासून ती मला घरात त्या सुरावरून चिडवायची. डबा उघडून दिला की, बल्ब बदलून खाली उतरलो की, “झालं सुद्धा!” त्या दुपारीही ती तेच म्हणाली. अगदी माझ्या सुरात, नाक माझ्या खांद्याला लावून, हसत. मीही हसलो. आईशप्पथ हसलो. ती वाईट बाई नाही, तिच्या मनातही काही नव्हतं, हे मला तेव्हाही माहीत होतं आणि आताही आहे. पण पुढच्या वेळी, म्हणजे बहुधा बुधवारी, ती जवळ आली आणि मला तो सूर ऐकू आला. ती काही बोलली नव्हती. मीच माझ्या डोक्यात माझाच आवाज ऐकत होतो. आणि मग काहीच झालं नाही. लवकर नाही, उशिरा नाही, काहीच नाही. ती म्हणाली, “असू दे रे.” आणि मला दोनदा थोपटलं. मी पेशंटना थोपटतो तसं. त्यानंतर जवळ यायची वेळ आली की मी स्वतःवर पहारा बसवल्यासारखा पडून राहायचो. होतंय का, होतंय का, असं बघत. तसं बघत बसल्यावर कोणाला शिंक तरी येईल का?

मग आमच्या घरात एक वेगळीच शिस्त आली. मी जेवण झाल्यावर बाहेरच्या खोलीत काहीतरी बघत बसायचो, ती झोपल्याची खात्री झाली की आत जायचो. पुढे पुढे तीही झोपल्याचं सोंग करते हे मला कळायला लागलं, आणि मला कळतंय हे तिला. सुट्टीच्या दिवशी मी नसलेली कामं काढायचो. माळा आवरला, एकदा नाही, तीनदा. ती चष्म्याच्या दुकानात असते. दिवसभर लोकांच्या तोंडाशी तोंड नेऊन त्यांच्या कानामागे काड्या वाकवते, नाकावरचे वळ बघते. कोणाला काय खुपतंय हे तिला न सांगता कळतं, हे तिचं कसब. फ्रेम बसवून झाली की ती गिऱ्हाइकाला जरा हलायला सांगते आणि नुसती बघत राहते. मला ती तसं बघायला लागली की मी वर्तमानपत्र उघडायचो. दोन-तीन महिन्यांनी तिने एक नवीन गाऊन आणला. मी ‘छान आहे’ म्हणालो आणि माळा आवरायला गेलो. महिन्याभराने तिने रात्रीचं जेवण सोडलं. एकदा मी आत गेलो तर ती आरशासमोर उभी होती, एक हात पोटावर, मान मागे वळवून पाठ बघत होती. मला पाहून झटकन टॉवेल ओढला. माझ्याच बायकोने माझ्यासमोर टॉवेल ओढला. संध्याकाळी भाजी निवडताना तिने विचारलं, “मी बेढब झालेय का रे?” मी म्हणालो, “काहीतरीच काय!” एवढंच म्हणालो. खरं सांगायला तेव्हा कितीसा वेळ लागला असता? तू नाहीस गं, मी आहे. पाच शब्द. ते माझ्या घशाशी आले आणि तिथेच राहिले, आणि ती खाली मान घालून भाजी निवडत राहिली. मी नीच माणूस आहे असं मला तेव्हा वाटलं. नुसतं वाटून काय उपयोग!

डॉक्टरकडे गेलो तो गावाच्या दुसऱ्या टोकाला. तिथल्या डॉक्टरांच्या नावाची नुसती आद्याक्षरं होती, मी पुरुष धरून चाललो, आत गेलो तर माझ्या थोरल्या बहिणीच्या वयाच्या बाई. आता परत फिरणार कसा? मी म्हणालो, “डोकं दुखतं.” त्या म्हणाल्या, “डोकं दुखतं म्हणून कोणी माझ्याकडे येत नाही. बसा.” आणि मग त्यांनी इतके साधे प्रश्न विचारले की मला लाजायलाही सवड मिळाली नाही. किती दिवसांपासून? सकाळी उठताना ताठरता असते का? एकटे असताना? औषधं कुठली? झोप? दारू, सिगारेट? मी खाली बघून ‘असते’, ‘होय’, ‘नाही’ करत राहिलो. त्या म्हणाल्या, “म्हणजे शरीर बहुतेक शाबूत आहे. तरी शुगर, थायरॉइड, हार्मोन बघून घेऊ, अंदाजाने गोळी देत नाही मी. आणि गुरुवारी मिसेसना घेऊन या.” मी म्हटलं, “ती बाहेरगावी आहे.” इतक्या सहज म्हटलं की माझंच मला नवल वाटलं. “कधी येणार?” “बुधवारी.” “मग गुरुवारी जमेल की. साडेपाचला. हे एकट्याने सोडवायचं गणित नाही हो. त्यांना काय वाटतंय ते विचारलंत कधी?” त्या चिठ्ठीवर लिहीत म्हणाल्या, “त्यांना बहुतेक असंच वाटत असणार की त्यांच्यातच काहीतरी कमी आहे.” बाहेर पडलो तेव्हा मला त्या बाईंचा रागच आला होता. ज्यांना आपलं सगळं कळतं त्यांचा येतो तसा.

दोन वाजता मशीनवर आकडे आले. माझ्याच हाताने मी ती ट्यूब लावली होती. तेव्हा मी काय मागत होतो सांगू? काहीतरी कमी निघावं. एखादा आकडा लाल यावा, त्याच्यासमोर बाण यावा खाली तोंड केलेला. मग मी तो कागद घरी नेला असता, बघ, हे असं आहे, माझा इलाज नव्हता, गोळ्या घेऊन बरं होईल. आजारी माणसाला कोणी काही विचारत नाही. एकेक आकडा वर आला. शुगर नॉर्मल. थायरॉइड नॉर्मल. हार्मोन तर चांगलाच, मास्तरांना शोभेलसा. मी त्या पडद्यासमोर उभा राहिलो आणि मला रडू यायला लागलं. आपण धडधाकट आहोत म्हणून रडणारा पेशंट मी तरी अकरा वर्षांत पाहिला नव्हता.

पावणेचारला शेवटी मी काउंटरवर गेलोच. म्हटलं, “बाई, सकाळचा तो होम व्हिजिटचा फॉर्म. नंबर चुकलाय बहुतेक.” “कुठला? नाव सांग.” मी मास्तरांचं नाव सांगितलं, हळू. बाईंनी ते मोठ्याने म्हटलं आणि पडद्यावर काढलं. “हां, हा होय! एकोणचाळीस. अरेरे. वय काय, टेस्ट काय! बायको काय म्हणत असेल रे त्याची?” शेजारी रिपोर्ट लावत बसलेली मुलगी फिसकन हसली. आणि मीसुद्धा हसलो! मागच्या खोलीत चहा पिताना असल्या फॉर्मवर मीही दोन-चार वेळा बोललोय, मास्तरांसारखी मिशी पिळून दाखवलीये, त्यामुळे न हसणं बरं दिसलं नसतं. बाई म्हणाल्या, “बरं, सांग नंबर.” माझा नंबर आठवेना. पहिले तीन आकडे आले, पुढे सगळं सत्तावीस एकोणऐंशीकडेच वळत होतं. कुठलेही दहा आकडे ठोकून द्यायचे होते, पण कुणा अनोळखी माणसाच्या हातात तो रिपोर्ट पडेल, असं मनात आलं. म्हटलं, “फोनमध्ये आहे, आणतो.” लॉकर मागच्या खोलीत. वाटेत मोठ्या डॉक्टरांनीच अडवलं. ते आज लवकर आले होते, सह्या उरकून दुसरीकडे जायचं होतं त्यांना. म्हणाले, “एका बाळाचं रक्त घ्यायचंय, आई घाबरलीये. तुझ्याशिवाय कोणाला जमणार नाही, ये आधी.” बाळ आठ महिन्यांचं होतं. मी घेतलं रक्त, बाळ जेमतेम कुरकुरलं. कापूस दाबला आणि ते दोन शब्द माझ्या तोंडून निघालेच नाहीत. आई म्हणाली, “झालं का?” मी नुसती मान हलवली. लॉकरपाशी पोचलो तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती. फोनवर तिचा एक मिस्ड कॉल होता. चार सतराचा. एकच. सोमवारी तिचं दुकान बंद असतं, ती घरीच होती.

घरी जायला मला एरवी पंचवीस मिनिटं लागतात, त्या दिवशी तास लागला. एका दुकानासमोर उभा राहून मी झाडूंचे प्रकार बघितले. मनात मी तीन-चार कहाण्या रचल्या आणि मोडल्या. हाताने तो नंबर मुद्दाम तर लिहिला नसेल, असंही येऊन गेलं, पण असलं काही मी मानत नाही. मी निष्काळजी आहे, बस. जिना चढताना दर मजल्यावर थांबलो. आमच्या दाराआडून इस्त्रीच्या वाफेचा आवाज येत होता.

ती माझेच शर्ट करत होती. मान वर न करता म्हणाली, “तुझ्या ड्रिल मास्तरांचा रिपोर्ट आलाय माझ्याकडे.”

“काय?”

“रिपोर्ट. तुमच्या लॅबचा. नाव त्यांचं, नंबर माझा.”

लग्नानंतर पहिल्या वर्षी मी तिला मास्तरांची नक्कल करून दाखवायचो. मास्तर रोज परेडच्या सुरुवातीला स्वतःचं पूर्ण नाव आडनावासकट गर्जून सांगायचे, ते मी तसंच करायचो, पलंगावर उभा राहून. ती पोट धरून हसायची. हे मला तिथे, दारात, चपला काढताना आठवलं. इतका मूर्ख माणूस असू शकतो का?

“चुकून आला असेल,” मी म्हणालो. “काउंटरवर गर्दी असते.”

“हो, चुकूनच.” तिने कॉलर उलटली. “पंच्याऐंशीचे तरी असतील ना रे ते आता? इथे एकोणचाळीस लिहिलंय. फारच जपलंय म्हणायचं स्वतःला.”

तेव्हा हसायला हवं होतं. तिने दार किलकिलं करून दिलं होतं, आत शिरायचं तेवढं राहिलं होतं. हसू ओठांपर्यंत आलंही, आणि मी काय म्हणालो? म्हणालो, “एका नावाची चार माणसं असतात.”

“बरं.” तिने इस्त्री उभी ठेवली. “कशाच्या टेस्ट आहेत ते मी बघितलं शोधून. सगळं नॉर्मल आहे म्हणे त्यांचं.”

“हो का.”

“म्हणजे त्यांच्यात काही दोष नाही. मग बायकोतच असणार.” गिऱ्हाइकाला नंबर वाढलाय म्हणून सांगावं, तशी म्हणाली. मग टेबलावरचा फोन उचलला. “डिलीट करू ना? दुसऱ्यांच्या घरचं आपल्याकडे कशाला.”

तिचा अंगठा पडद्यावर होता. मी ‘कर’ म्हणालो असतो तर तिने केलं असतं, शर्ट घडी करून कपाटात ठेवला असता, आम्ही जेवलो असतो आणि आयुष्यभर याविषयी एक अक्षर बोललो नसतो. ती तसं करेल हे मला पक्कं माहीत होतं. आणि मला तेच हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं, हेही खोटं नाही. पण ‘बायकोतच असणार’ हे वाक्य त्या खोलीत तसंच राहिलं असतं.

“थांब,” मी म्हणालो. “बायकोत नाहीये दोष.”

“तुला काय ठाऊक? ओळखतोस तू त्यांना?”

“ओळखतो.”

“मग तिला सांगितलं का कोणी हे?” तिचा आवाज चिरकला. “आठ महिने ती बिचारी आरशात स्वतःला उलटसुलट बघतेय. अर्धपोटी झोपतेय. त्या शहाण्याला डॉक्टरकडे जायचं सुचलं, सुया टोचून घ्यायचं सुचलं, आणि घरात तोंड उघडायचं नाही सुचलं?”

“घाबरला तो.”

“कोणाला?”

“तू हसशील याला.”

म्हणून गेलो. ती माझ्याकडे बघत राहिली, दुकानात बघते तशी, मी वर्तमानपत्र शोधलं नाही. मग खुर्चीवर बसत म्हणाली, “त्या रविवारी? अरे देवा. अरे, मी लाडाने म्हटलं होतं ते.”

“माहीत आहे मला.”

“मग?”

“माहीत असून काय होतंय!” मी ओरडलोच. लग्नानंतर पहिल्यांदा असेन. “मला सगळं माहीत आहे. रिपोर्टपण माहीत होता. तरी मी तुझ्याजवळ आलो की माझं मन मला सोडत नाही. मी काय करू?”

ती उठली नाही, जवळ आली नाही, थोपटलं नाही. फार बरं केलं. इस्त्रीचा दिवा लाल झाला आणि विझला. मी भिंतीकडे बघून म्हणालो, “गुरुवारी साडेपाचला डॉक्टरांनी दोघांना बोलावलंय.”

“त्या बायकोला विचारलंय का कोणी?”

“आत्ता विचारतोय.”

तिने नाक ओढलं. ओढणीने तोंड पुसलं. मग एकदम नेहमीच्या आवाजात म्हणाली, “गुरुवारी माझं दुकान सहापर्यंत असतं. साडेसहाची वेळ मिळते का, विचार.”

“उद्या करतो फोन.”

“आत्ता कर. माझ्यासमोर.”

सुटलो असं काही मला वाटलं नाही. उलट, पळायला जी थोडी जागा होती तीही गेली असं वाटलं. मी फोन लावला. पलीकडे डॉक्टरांच्या दवाखान्यातली मुलगी होती, तिने पेशंटचं नाव विचारलं. मी माझं नाव सांगितलं, आडनावासकट. साडेसहा चालेल म्हणाली. लिहिण्याचा आवाज आला. मग तिने विचारलं, “एकटेच येणार, की सोबत कोणी?”

मी तोंड उघडलं आणि शब्द पुन्हा तिथेच येऊन अडकले. पलीकडची मुलगी दोनदा ‘हॅलो’ म्हणाली. इकडे ही खुर्चीत बसून माझ्या तोंडाकडे बघत होती.

“सांग की,” ती म्हणाली.